बिनपगारी नोकरीतला प्रवाळ-अभ्यासक

चार्ल्स डार्विन म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती लांब पांढरी दाढी, गॅलापॅगोस बेटांवरची पाखरे आणि माकडापासून माणसापर्यंत चालत आलेली ती सुप्रसिद्ध रांग. (ही रांग डार्विनने कधीच काढली नव्हती, पण तो विषय वेगळा.) उत्क्रांतीचा सिद्धांत त्याने १८५९ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवला तेव्हा तो पन्नाशीला आला होता. त्याआधी बावीस वर्षे, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लंडनच्या भूशास्त्रज्ञांनी त्याला आपल्या पंक्तीला बसवले होते ते एका निराळ्याच कामामुळे. ते काम होते प्रवाळभित्तींचे.

प्रवाळांच्या अभ्यासात नोकरी मिळते का, कोणती पदवी लागते, जागा कोठे निघतात, हे प्रश्न सागरी जीवशास्त्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी हमखास विचारतात. त्यांना संस्थांची नावे सांगता येतात, पदव्यांची यादी देता येते. परंतु या क्षेत्रातील पहिली मोठी कामगिरी ज्याने केली, त्याला ते काम कसे मिळाले, पगार किती होता आणि खर्च कोणी सोसला, हे शोधू गेल्यास एक विलक्षण हकिगत हाती लागते. पगार शून्य होता.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील डॉ. रॉबर्ट डार्विन हे गावातील नामांकित आणि धनाढ्य वैद्य. आई सुझाना ही चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातील. चार्ल्स आठ वर्षांचा असताना ती वारली. मुलाने आपल्याप्रमाणेच डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला १८२५ साली एडिंबरोला धाडले. त्या काळी शस्त्रक्रिया भूल न देताच होत. एका लहान मुलावरची अशी शस्त्रक्रिया पाहताना डार्विन अर्ध्यावरच बाहेर पळाला आणि पुन्हा त्या दालनात गेला नाही. वैद्यकी तेथेच संपली.

एडिंबरोतील ती दोन वर्षे वाया गेली, असे मात्र म्हणता येणार नाही. गयानातून आलेल्या जॉन एडमन्स्टन नावाच्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गुलामाकडून तो पक्ष्यांची कातडी भरण्याचे कसब शिकला. रॉबर्ट ग्रांट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर हिंडून खडकांतील डबक्यांतले बारीकसारीक जीव गोळा करू लागला. मार्च १८२७ मध्ये तेथील विद्यार्थ्यांच्या एका निसर्गमंडळात त्याने आपले पहिले संशोधन वाचून दाखवले, तेही सागरी जीवांविषयी. प्रवाळांसारखीच वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याविषयीचे ते टिपण होते. अभ्यासक्रमात याला एक गुण नव्हता. पुढे मात्र उपयोगी पडले ते हेच.

वैद्यकी जमत नाही म्हटल्यावर वडिलांनी धर्मोपदेशकाचा मार्ग काढला. केंब्रिजला जावे, पदवी घ्यावी, एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये पाळकाची जागा मिळवावी आणि स्वस्थ राहावे, असा हिशेब होता. डार्विन केंब्रिजला गेला आणि तेथे भुंगेरे जमवण्यात रमला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांच्याबरोबर तो इतका फिरे की प्राध्यापकांबरोबर फिरणारा मुलगा अशीच त्याची ओळख झाली होती. जानेवारी १८३१ मध्ये पदवीची परीक्षा तो बऱ्यापैकी उत्तीर्ण झाला. त्याच उन्हाळ्यात ॲडम सेजविक यांच्याबरोबर वेल्समधील खडक पाहण्यासाठी गेला आणि थरांचे नकाशे कसे करावेत हे थोड्याच दिवसांत जेवढे शिकता येईल तेवढे शिकून घेतले. भूशास्त्राचे त्याचे प्रत्यक्ष शिक्षण ते एवढेच.

ऑगस्टच्या अखेरीस घरी परतला तो हेन्स्लो यांचे पत्र वाट पाहत होते. ‘बीगल’ हे आरमाराचे सर्वेक्षण जहाज दक्षिण अमेरिकेचा किनारा मोजण्यासाठी आणि पुढे पृथ्वीप्रदक्षिणेसाठी निघणार होते. कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याला प्रवासात सोबत म्हणून एक सुशिक्षित, कुलीन आणि निसर्गाची आवड असलेला गृहस्थ हवा होता. फिट्झरॉयचे वय जेमतेम सव्वीस. याच जहाजाच्या आधीच्या कप्तानाने एकाकीपणाला कंटाळून स्वतःवर गोळी झाडून घेतली होती, आणि फिट्झरॉयच्या मामांनीही आत्महत्याच केली होती. बोलायला, जेवायला बरोबरीचा कोणी असावा ही त्याची निकड खरोखरीची होती. जागेसाठी आधी हेन्स्लो यांचे मेहुणे लिओनर्ड जेनिन्स यांना विचारणा झाली होती, त्यांनी नकार दिला. खुद्द हेन्स्लो यांच्याही मनात जाण्याचे आले होते, पण पत्नीचा चेहरा पाहून त्यांनी बेत सोडला. जाहिरात नाही, अर्ज नाही, मुलाखतीची यादी नाही. गुरूच्या शब्दावर जागा समोर आली आणि तिला वेतन नव्हते. उलट जहाजावरच्या जेवणाचे पैसे आपणच भरायचे होते.

डॉ. रॉबर्ट डार्विन यांनी जे आक्षेप काढले ते आपल्याकडच्या कोणत्याही घरात शोभावेत असे आहेत. पाळक होणाऱ्या मुलाला हे शोभणार नाही. जागा आधी इतरांनी नाकारली आहे, म्हणजे तिच्यात काही तरी खोट असणार. जहाजावर हाल होतील. परत आल्यावर मुलगा कधीही स्थिर होणार नाही. एकंदरीत हा उद्योग निरुपयोगी. मात्र एखादा समंजस माणूस जा म्हणाला तर आपण संमती देऊ, एवढी फट त्यांनी ठेवली. डार्विनने नकाराचे पत्र पाठवूनही दिले आणि मामांकडे, जोसाया वेजवुड यांच्याकडे, शिकारीला गेला. मामांनी आक्षेपांची यादी मागितली, एकेका मुद्द्याला लेखी उत्तर दिले आणि स्वतः भाच्याला घेऊन श्रूजबरीला आले. डॉक्टरसाहेबांनी शब्द पाळला. मुलगा उधळ्या होता. वडिलांना धीर द्यावा म्हणून तो म्हणाला की जहाजावर ठरल्याहून अधिक पैसे उडवायला फारच हुशारी लागेल. त्यावर, तू हुशार असल्याचे सगळेच सांगतात, असे वडिलांनी हसून ऐकवले. पाच वर्षांच्या सफरीची हुंडी मग त्यांनीच भरली.

फिट्झरॉयच्या भेटीत आणखी एक विघ्न आले. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येवर कप्तानाचा विश्वास होता आणि डार्विनचे नाक पाहून या माणसात चिकाटी नसावी असे त्याला वाटले होते. नाकामुळे जागा जाता जाता राहिली. २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ने प्लिमथ सोडले. अवघे नव्वद फूट लांबीचे ते जहाज, त्यावर सत्तरहून अधिक माणसे, आणि डार्विनला समुद्र लागण्याचा त्रास अखेरपर्यंत सुटला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आरमाराच्या जहाजावर निसर्गनमुने गोळा करण्याचे काम परंपरेने पगारी शल्यवैद्याकडे असे. ‘बीगल’वर ते पद रॉबर्ट मॅकॉर्मिक यांचे होते. कप्तानाच्या मेजावर जेवणाऱ्या या बिनपगारी तरुणाला मिळणाऱ्या सवलती पाहून ते नाराज झाले आणि एप्रिल १८३२ मध्ये रिओ द जानेरो येथे जहाज सोडून गेले. पगार होता तो गेला, नव्हता तो राहिला. मॅकॉर्मिक यांच्या बाजूने विचार केला तर त्यांची तक्रार अगदीच गैर होती असे वाटत नाही.

आणि प्रवाळांचे काम हे डार्विनच्या डोक्यातून निघालेले नव्हते. आरमाराचे जलसर्वेक्षक फ्रान्सिस बोफर्ट यांनी कप्तानाला जे लेखी आदेश दिले, त्यांत प्रवाळांच्या कंकणाकृती बेटांचाही उल्लेख होता. अथांग समुद्रात मधोमध ही वर्तुळे उभी कशी राहतात? विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावर प्रवाळ वाढल्याने असा आकार येतो, हे त्या काळचे मत. त्याची शहानिशा करण्यासाठी एखाद्या बेटाभोवती खोली मोजावी, उतार तपासावा, असे फिट्झरॉयला सांगण्यात आले होते. खलाशांच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचाही होता, कारण नकाशावर नसलेल्या प्रवाळभित्तीवर आदळून जहाजे फुटत. विज्ञानाचे कुतूहल आणि आरमाराची गरज एकाच कागदावर आली होती.

कोडे कोठे होते ते पाहू. प्रवाळ म्हणजे अतिसूक्ष्म प्राण्यांची वसाहत. चुन्याचे घर बांधत ती वर वर वाढते. क्वॉय आणि गेमार या दोन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी १८२०च्या दशकात दाखवून दिले होते की भित्ती बांधणारे प्रवाळ उथळ पाण्यातच जगतात. (त्यांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना सूर्यप्रकाश लागतो, हे कारण पुढे कळले.) मग अथांग खोल समुद्र, त्यात हजारो फूट तळातून उठलेली भिंत, आणि तिच्या माथ्यावर उथळ पाण्यात जगणारे प्राणी, हे जमते कसे? प्रत्येक बेटाखाली नेमका समुद्रसपाटीच्या जरासा खाली येऊन थांबलेला ज्वालामुखी असावा, आणि तोही चाळीस-चाळीस मैल रुंद मुखाचा, हे मानणे अवघड होते. तरीही त्या काळचे मोठे भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी हेच मत आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात मांडले होते. तो खंड १८३२ च्या अखेरीस मॉन्टेव्हिडिओच्या बंदरात डार्विनच्या हाती पडला.

लायेल यांच्याच ग्रंथांनी त्याला जमीन सावकाश उचलली जाते व खचते ही दृष्टी दिली होती. चिलीच्या किनाऱ्यावर समुद्रापासून कितीतरी उंचावर शिंपले सापडत होते. २० फेब्रुवारी १८३५ च्या भूकंपात तर किनारा काही फूट वर उचलला गेल्याचे त्याने आणि फिट्झरॉयने प्रत्यक्ष पाहिले. दक्षिण अमेरिका वर येत असेल, तर तिच्या पलीकडे पॅसिफिकचा तळ कोठे तरी खाली जात असला पाहिजे. या एका विचारातून त्याने प्रवाळबेटांचे कोडे सोडवले, आणि तेही खरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहण्यापूर्वी! पुढे आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने कबूल केले आहे. आजच्या मार्गदर्शकाकडे एखाद्या विद्यार्थ्याने असा क्रम लावून प्रबंध नेला असता, तर त्याला बरेच ऐकून घ्यावे लागले असते.

उत्तर साधे होते. समुद्रात ज्वालामुखीचे एक बेट आहे असे समजू. त्याच्या काठाला चिकटून प्रवाळ वाढतात. ही अनुतट भित्ती. बेट हळूहळू खचू लागते. प्रवाळांना उजेड हवा, म्हणून ते खचण्याच्या वेगाने वर वाढत राहतात. बेट आक्रसते, भिंत होती तेथेच वर चढते आणि दोहोंमध्ये पाण्याचा पट्टा तयार होतो. ही झाली रोधक भित्ती. अखेर डोंगराचे शिखरही बुडते आणि पाण्यात उरते ते केवळ प्रवाळांचे कडे, मधोमध शांत उथळ पाणी घेऊन. तीन निरनिराळे मानलेले प्रकार हे एकाच बेटाच्या आयुष्यातील तीन अवस्था ठरल्या. मरत्या बेटाचे कडे जिवंत प्राणी जपून ठेवतात, असा हा विचार होता.

नोव्हेंबर १८३५ मध्ये ताहितीच्या डोंगरावरून त्याने समोरचे मूरिया बेट पाहिले. मध्ये डोंगर, भोवती निळे शांत पाणी आणि त्याबाहेर लाटांची पांढरी रेघ. चौकटीत बसवलेल्या चित्रासारखे ते दृश्य त्याला वाटले. चित्रातून डोंगर काढून घेतला की कंकणद्वीप उरते! पण खरी तपासणी व्हायची होती ती हिंदी महासागरात.

१ एप्रिल १८३६ रोजी ‘बीगल’ कीलिंग बेटांना लागले. आज ही कोकोस बेटे ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहेत. जेमतेम बारा दिवसांचा मुक्काम. डार्विन ओहोटीची वेळ साधून, लांब काठीच्या आधाराने उड्या मारत भित्तीच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेला. जिवंत प्रवाळ तेथे फुटणाऱ्या लाटांत वाढत होते. शांत पाण्यापेक्षा लाटांच्या माऱ्यातच त्यांची वाढ जोमदार असते, हे त्याने टिपले. सर्वांत बाहेरच्या कडेवर चुनखडीयुक्त शैवालांचा थर लाटांचा मार झेलतो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. बेटावर राहणाऱ्या लिस्क नावाच्या इंग्रजाने त्याला सांगितले की एक गलबत समुद्रात काढण्यासाठी भित्तीतून खणलेली वाट दहा वर्षांत प्रवाळांनी जवळजवळ बुजवून टाकली होती. प्रवाळ किती वेगाने वाढतात याचा असा हिशेब पुस्तकांत मिळणारा नव्हता, तो तेथे राहणाऱ्या माणसाकडेच होता.

तिकडे फिट्झरॉय आणि त्याचे खलाशी खोली मोजत होते. शिशाच्या वजनाच्या खालच्या खोबणीत चरबी भरून ते दोरीने सोडायचे. तळाशी जे असेल त्याचा ठसा किंवा वाळू चरबीला चिकटून वर येते. दहा वाव खोलीपर्यंत (वाव म्हणजे सहा फूट) चरबी स्वच्छ येई आणि तिच्यावर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटलेले असत. खोली वाढेल तसे ठसे कमी, वाळू अधिक. विसाच्या पुढे तर जवळजवळ वाळूच. प्रवाळांची सीमा कोठे संपते ते अशा रीतीने, पाण्यात न उतरता समजले. आणि फुटणाऱ्या लाटांपासून अवघ्या २,२०० यार्डांवर ७,२०० फुटांची दोरी सोडूनही तळ लागला नाही. एवढ्या उंच डोंगराच्या माथ्यावर आपण उभे आहोत, हे डार्विनला त्या दोरीने सांगितले. उन्हात तासन्‌तास ती दोरी सोडणाऱ्या आणि ओढणाऱ्या हातांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

जमीन खचत असल्याचा पुरावा म्हणून डार्विनने कडेला कलंडलेली नारळाची झाडे आणि एका शेडचे खांब दाखवले आहेत. सात वर्षांपूर्वी भरतीच्या रेषेवर असलेले ते खांब आता रोज पाण्यात असत. हा पुरावा तोकडा होता. झाडे लाटांच्या झिजेनेही पडतात. बेटाचे मालक जॉन क्लुनीस-रॉस यांनी पुढे डार्विनच्या निष्कर्षांवर कडक टीका केली. तिच्यात सगळेच काही आकसाचे नव्हते.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी ‘बीगल’ फालमथला परतले. मधल्या काळात हेन्स्लो यांनी डार्विनच्या पत्रांतील भूशास्त्रीय उतारे केंब्रिजमध्ये छापून वाटले होते, त्यामुळे नाव आधीच पोहोचले होते. वडिलांचे मत पालटले होते. त्यांनी गुंतवणुकीची अशी व्यवस्था लावून दिली की मुलाला पुढे कधी नोकरी करावी लागली नाही. पाळकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

लायेल यांना स्वतःचे मत खोटे ठरवणारा सिद्धांत ऐकवणे हे नवख्यासाठी सोपे काम नव्हते. लायेल आनंदाने नाचले, असे सांगतात. ज्वालामुखीच्या मुखाची कल्पना आपण आता सोडून देत आहोत, असे त्यांनी मित्राला पत्राने कळवले आणि ३१ मे १८३७ रोजी लंडनच्या भूशास्त्र संस्थेत डार्विनचा निबंध वाचला गेला. पुढल्या वर्षी तो त्या संस्थेचा चिटणीस झाला. प्रतिष्ठित माणसाने आपले मत इतक्या सहज बदलावे, ही त्या काळीही नित्याची गोष्ट नव्हती, आजही नाही.

ग्रंथ मात्र चटकन झाला नाही. जगातील यच्चयावत प्रवाळभित्तींची माहिती गोळा करायची, तर डार्विनने स्वतः पाहिलेल्या बेटांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग नकाशे, कप्तानांच्या नोंदवह्या, प्रवासवर्णने यांचा ढीग उपसणे आले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील येथे आहे. डार्विन भारतात कधी आला नाही, पण त्याच्या ग्रंथातील मालदीव आणि चागोस बेटांचा भाग उभा आहे तो मुंबईच्या आरमाराने केलेल्या मोजणीवर. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमाराचे १८३० साली ‘इंडियन नेव्ही’ असे नामांतर झाले. त्यातील कप्तान रॉबर्ट मोरेस्बी यांनी आधी तांबडा समुद्र, नंतर १८३४ ते १८३६ या काळात मालदीव आणि पुढे चागोस यांचे सर्वेक्षण केले. मालदीवच्या तापाने त्यांचे अधिकारी आणि खलाशी आजारी पडत. मोठ्या कड्याच्या जागी लहान-लहान कड्यांची माळ, ही मालदीवची विचित्र रचना डार्विनला समजली ती मोरेस्बी यांच्या नकाशांमुळे आणि त्यांनी पुरवलेल्या माहितीमुळे. चागोसजवळची विस्तीर्ण बुडालेली भित्ती हे मेलेले, खचण्याच्या वेगाशी बरोबरी न साधू शकलेले कंकणद्वीप आहे, हा त्याचा तर्कही त्याच मोजणीतून निघाला. मोरेस्बी आणि त्यांचे सहकारी पगारी नोकर होते. प्रवाळांच्या अभ्यासातील पगारी नोकरी त्या काळी होती ती अशी, सर्वेक्षकाची. आणि तिचा एक पत्ता मुंबई होता.

मे १८४२ मध्ये ‘प्रवाळभित्तींची रचना आणि वितरण’ या आशयाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. छोटेखानी पुस्तक, पण त्यामागे वीस महिन्यांचे कष्ट. सोबत जगाचा रंगीत नकाशा होता. कंकणद्वीपे आणि रोधक भित्ती निळ्या छटांत, अनुतट भित्ती तांबड्या रंगात आणि जागृत ज्वालामुखी शेंदरी ठिपक्यांनी दाखवले होते. निळ्या पट्ट्यांत ज्वालामुखी जवळजवळ नाहीत, तांबड्यांत आहेत. म्हणजे तळ कोठे खचतो आहे आणि कोठे उचलला जातो आहे, हे रंगांवरून एका नजरेत दिसावे अशी योजना. त्याच वर्षी लंडन सोडून तो पत्नी एमासह डाऊन या खेड्यात राहायला गेला आणि प्रकृतीच्या तक्रारींमुळे पुन्हा कधी मोठ्या प्रवासाला निघाला नाही.

हा सिद्धांत निर्विवाद राहिला असे नाही. अमेरिकी मोहिमेबरोबर पॅसिफिक पाहून आलेल्या जेम्स ड्वाइट डाना यांनी त्याला दुजोरा दिला. ‘चॅलेंजर’ मोहिमेवर गेलेले जॉन मरे यांनी मात्र १८८० साली विरोध केला. त्यांच्या मते समुद्रतळावर सूक्ष्म जीवांच्या कवचांचा गाळ साचून उंचवटे तयार होतात आणि त्यांवर प्रवाळ वाढतात. खचण्याची गरजच नाही. अलेक्झांडर अगासी हेही त्याच बाजूचे. डार्विनने १८८१ मध्ये अगासी यांना लिहिले की एखाद्या बेसुमार श्रीमंत माणसाने मनावर घेऊन पॅसिफिक किंवा हिंदी महासागरातील कंकणद्वीपात पाचसहाशे फूट छिद्र पाडून नमुने आणावेत. अगासी स्वतः तांब्याच्या खाणींतून गब्बर झालेले होते, हे लक्षात घेता त्या इच्छेतील खोच समजते. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचे निधन झाले तेव्हा निकाल लागलेला नव्हता.

रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुटी बेटावर छिद्र पाडले. ते १,११४ फुटांपर्यंत गेले. सर्वत्र प्रवाळांचाच चुना लागला, पण तळाचा ज्वालामुखी काही लागला नाही, आणि हा वरून घसरून आलेला ढिगारा आहे असे विरोधकांना म्हणता आले. अखेर १९५२ साली अमेरिकेने एनिवेटॉक बेटावर छिद्रे पाडली. हेतू अणुचाचण्यांचा होता, डार्विनचा नव्हे. सुमारे १,४०० मीटर प्रवाळी चुनखडक ओलांडल्यावर कवायती थांबल्या त्या ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर. ग्रंथ प्रसिद्ध झाल्याला तेव्हा ११० वर्षे झाली होती.

यातही पुढे भर पडली. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभराहून अधिक मीटर खाली जाई, उघड्या पडलेल्या चुनखडकाला पावसाचे पाणी झिजवी आणि मधला भाग खोलगट होई. कंकणाचा आकार मुख्यतः यामुळे येतो, असे ड्रॉक्सलर आणि जोरी या अभ्यासकांनी २०२१ साली मांडले, तेही मालदीवचा आधार घेऊन. तळ खचतो हे खरे, पण कडे घडते ते केवळ खचण्याने नव्हे, असा त्यांचा सूर. पाठ्यपुस्तकातल्या तीन सुबक आकृत्या त्यामुळे थोड्या डळमळल्या आहेत.

राहता राहिला नोकरीचा प्रश्न. भारतातील कंकणद्वीपे लक्षद्वीपमध्ये आहेत. मन्नारचे आखात, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार येथे अन्य प्रकारच्या भित्ती आहेत. आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात, तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांचे नाव लावणारी आंग्रिया बँक ही बुडालेली भित्ती आहे. गोव्यात दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, भारतीय प्राणिसर्वेक्षण विभाग, किनारी राज्यांची वनखाती आणि काही विद्यापीठे ही कामाची ठिकाणे होत. बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, ठरावीक मुदतीच्या असतात, हे आधीच जाणून असावे. पाणबुडीचे प्रशिक्षण, प्रजाती ओळखण्याचे कसब आणि संख्याशास्त्र या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याला मागणी असते. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. डार्विनप्रमाणे हातोडा घेऊन कोणी भित्तीवर चढला, तर परवानगीवाचून तो आज गुन्हा ठरेल. आणि प्रवाळांची वाढ पाण्याच्या वाढत्या पातळीशी बरोबरी साधू शकेल का, हा कीलिंगच्या किनाऱ्यावरचा प्रश्न तापणाऱ्या समुद्रामुळे आता उलट्या बाजूने पुन्हा उभा आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी जागतिक लाट चौथ्यांदा आल्याचे जाहीर केले.

एक नाव सांगायचे राहिले. सिम्स कव्हिंग्टन हा जहाजावर हरकाम्या पोरगा म्हणून आणि सारंगी वाजवण्यासाठी आलेला. १८३३ पासून डार्विनने त्याला पगारावर आपला मदतनीस ठेवले. पक्षी मारणे, कातडी भरणे, नमुने बांधणे, पुढे लंडनमध्ये हस्तलिखितांच्या नकला करणे, ही कामे त्याची. बंदुकीच्या आवाजांनी पुढे त्याला नीट ऐकू येईनासे झाले. १८३९ साली तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि पांबुला या गावी टपाल कचेरी सांभाळू लागला. डार्विनने त्याला ऐकण्याचे कर्णे पाठवले, आणि काही वर्षांनी पत्र पाठवून तेथल्या किनाऱ्यावरचे खडकांना चिकटणारे कवचधारी प्राणी मागवले. कव्हिंग्टनने ते गोळा करून धाडले. १८६१ साली तो पांबुलालाच वारला.